दिवाणजींच्या लाल वहीनंतर बिटवॉर्डन: वर्षभराचा अनुभव

सांगलीत आमची हळदीची अडत आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गणपती पेठेतल्या दुकानासोबत पासवर्डची लाल वहीही पाण्यात गेली. बँक, जीएसटी, ई-वे बिल, सगळं तिच्यात. त्यावर मी शहाणपणा काय केला, तर सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला: हळद, ॲट, एक-दोन-तीन. गेल्या वर्षी तो वापरून कुणीतरी आमच्या ईमेलमध्ये शिरलं आणि अहमदाबादच्या पार्टीला आमच्या नावानं भलताच खातेनंबर धाडला. त्यांनी पैसे टाकायच्या आधी फोन केला म्हणून वाचलो.

मग पोरीनं बिटवॉर्डन घालून दिलं, म्हणजे पासवर्ड सांभाळणारं ॲप. फुकट आहे, पासवर्ड कितीही ठेवा, मोबाइल-कॉम्प्युटर कितीही जोडा. दर ठिकाणचा वेगळा, अगडबंब पासवर्ड ते स्वतःच बनवतं. आपण फक्त मास्टर पासवर्ड, म्हणजे ते ॲप उघडायचा एकच पासवर्ड, लक्षात ठेवायचा. तो विसरलात तर कंपनीही काढून देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. आमचा असा ठरला: पुतण्याचं पाचवीचं पुस्तक उघडायचं, डोळे मिटून पानावर बोट ठेवायचं, असं पाच वेळा. पाच शब्द, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले, इंग्रजी अक्षरांत सलग. आठवडाभर रोज चुकायचा, आता बोटं आपोआप चालतात.

मला खरं पटलं ते मार्चमध्ये. सौद्यांची गर्दी, त्यात व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावानं लिंक आली. पान हुबेहूब. पण ॲप पासवर्ड भरेचना. मी त्यालाच शिव्या घालत बसलो, मग वरचा पत्ता वाचला, तर एक अक्षर जास्त! ॲप साइटचा पत्ता जुळवतं, रंगरूपाला भुलत नाही.

तक्रारीही आहेत. जीएसटी पोर्टलला १५ च्या वर अक्षरं चालत नाहीत, तिथं लांबी आपण कमी करावी लागते. हे कळेपर्यंत माझा अर्धा तास गेला. फुकटात वाटून वापरता येतं ते दोघांतच, म्हणजे मी आणि दिवाणजी. ई-वे बिलाचा त्यांना दिसतो, बँकेचा नाही. ते आठवडाभर फुगून होते. "मालक, वही होती तवा सगळंच दिसत होतं की!"

मास्टर पासवर्डचा कागद बायकोनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घराच्या वरच्या मजल्यावर ठेवलाय. नेमका कुठं, ते मलाही सांगितलेलं नाही.