फोल्डिंगवाला रेडीमेड ड्रोन घ्यावा का घरी जोडलेला एफपीव्ही? सोलापुरात उडवायचं असेल तर

डीजेआय कंपनीचा मिनी ५ प्रो घेऊ का निओ २, का अजून थोडं थांबू म्हणजे पुढचं मॉडेल येईल, असं सध्या बरेच जण विचारायलेत. माझं म्हणणं असंय की हौसेसाठी ड्रोन घ्यायचा असेल तर मॉडेल नंतर बघा, आधी प्रकार ठरवा. एक म्हणजे बॉक्समधून काढला, हात उघडले आणि उडवला असा फोल्डिंगवाला कॅमेरा ड्रोन. दुसरा म्हणजे फ्रेम, मोटारी, फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन सांभाळणारा बोर्ड) सुटे मागवून घरी सोल्डर करून जोडलेला छोटा एफपीव्ही, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत उडवायचा. मी दोन्ही वापरलेत, त्यामुळं खाली जे लिहिलंय ते हाताळून आलेलं आहे, टेबलावर मोजमाप काढून नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं.

नवीन मॉडेल आकर्षक आहेत यात वादच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मिनी ५ प्रोमध्ये एवढ्याशा बॉडीत १ इंची सेन्सर बसवलाय, निओ २ तळहातावरून उडतो, आणि अँटिग्रॅव्हिटी ए१ तर चौफेर ३६० मध्ये शूट करतो, फ्रेम नंतर घरी बसून निवडायची. पण ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन बाहेरून आणायला आपल्याकडं बंदी आहे, संशोधन, संरक्षण वगैरे सोडून. सुट्या पार्टसना ती बंदी नाही. म्हणजे यूट्यूबवर लाँच बघून आपण तारीख पाठ करतो तिचा आपल्या बाजाराशी तसा संबंध राहत नाही, जे येतं ते आडमार्गानं येतं आणि वॉरंटी कागदावरसुद्धा नसते. मधे २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी ५ टक्के झाला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता हे स्वस्त होणार, पण कर कमी झाला म्हणून आयातबंदी उठत नाही ओ, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडं अमेरिकेनं पण डिसेंबर २०२५ मध्ये परदेशी ड्रोनच्या नवीन मॉडेलना दार बंद केलं, त्यामुळं पुढच्या लाँचची वाट बघत थांबण्यात मला तरी फार अर्थ वाटत नाही.

आता वजन. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्या पुढं २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोला पण हौसेसाठी लागत नाही, मात्र मायक्रोनं पैसे कमवायचे म्हणलं की लागतं, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. शिवाय २५० च्या वर गेला की युआयएन म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि थर्ड पार्टी विमा आलाच. मिनी ५ प्रोचं वजन कंपनीनंच २४९.९ ग्रॅम, कमीजास्त ४ ग्रॅम असं दिलंय. म्हणजे तुमच्या हातात आलेला पीस २५२ चा निघाला तर तो सरळ मायक्रो, त्यात तुमचा काही दोष नसताना. वर एनडी फिल्टर (कॅमेऱ्यात येणारा उजेड कमी करणारी काच) लावला, प्रोपेलर गार्ड लावले, मोठी बॅटरी टाकली की विषयच संपला. घरी जोडलेल्यात हे आपल्या हातात असतं. साडेतीन इंची प्रोपेलरचा, बॅटरीसकट २५० च्या आत बसवता येतो. मी माझा ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून बघितला होता, जास्त भरला म्हणून लांबडे स्क्रू काढून आखूड टाकले, बॅटरीची वायर थोडी कापून घेतली, आणि बसला. तयार ड्रोनमधनं असं काही कापून टाकता येत नाही. आणि फक्त मौज किंवा शिकण्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेला ड्रोन नियमात 'मॉडेल' नावाच्या वेगळ्या प्रकारात धरतात, त्याला टाइप सर्टिफिकेट म्हणजे त्या डिझाइनचं सरकारी मान्यतापत्र लागत नाही, हे घरी जोडणाऱ्यांच्या फायद्याचं आहे.

कुठं उडवायचा हे मात्र दोघांना सारखंच, आणि सोलापुरात ते अलीकडं बदललंय. होटगी रोडचा विमानतळ कित्येक वर्षं नुसता पडून होता, मग १५ जून २०२३ ला विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरात मुंबईचं. चालू विमानतळ म्हणलं की हद्दीपासून ५ किलोमीटर रेड म्हणजे आपल्यासाठी बंद, ५ ते ८ यलो म्हणजे जमिनीपासूनच परवानगी, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत ग्रीन म्हणजे मोकळं, त्याच्या बाहेर ४०० फूट. जुळे सोलापूर, सात रस्ता, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव सगळं या वर्तुळांतच येतं, त्यामुळं पूर्वी कोण गच्चीवरनं उडवत होतं ते आता धरू नका, डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर नकाशा उघडून बघा. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत आहे. गड्ड्याच्या यात्रेत, पंढरपूरच्या वारीत गर्दीवर तर अजिबात नको, राज्य सरकारला ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन करायचा अधिकार आहे आणि खाली माणसं असतात हे त्याहून महत्त्वाचं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडंपण वनखात्याच्या परवानगीशिवाय नको. मी बहुतेक वेळा हिप्परगा तलावाच्या बाजूला जातो, पहाटे, २०० फुटांच्या खाली. सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन ड्रोन बिलाचा मसुदा आलाय, तो कडक आहे, कायदा झाला तर यातलं बरंच बदलेल.

कॅमेऱ्यात फोल्डिंगवाला पुढं आहे, हे मान्य करायलाच पाहिजे. हिप्परग्याच्या पाण्यावर सकाळचं ऊन पडलंय, तुम्ही बोट उचललं आणि तो हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा आहे, असला शॉट एफपीव्हीनं येत नाही, निदान मला येत नाही. बॅटरी पण अर्ध्या तासाच्या आसपास चालते, एफपीव्हीची पाच-सहा मिनिटांत उतरते. घरच्यांना दाखवायला, शेताचा फोटो काढायला, नातेवाइकाच्या नवीन घराचा व्हिडिओ करायला फोल्डिंगवालाच बरा. शिकायला पण दोन दिवस पुरतात. एफपीव्हीला सिम्युलेटरवर महिने घालावे लागतात, त्याशिवाय बाहेर काढूच नये.

एवढं सगळं असून माझं मन फिरलं ते एका कारणानं, दुरुस्ती. माळावर मुरमात उतरवत होतो, वाऱ्याचा झोत आला, ड्रोन थोडा कलला आणि कॅमेरा खडीला टेकला. प्रोपेलर शाबूत, बॉडीवर साधा ओरखडा नाही. पण पुढच्या वेळी चालू केला तर स्क्रीनवर गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा) ओव्हरलोडचा मेसेज आणि क्षितिज तिरकं. गिंबलच्या आत एक कागदासारखी पातळ फ्लॅट केबल असते, मोटारींच्या भोवतीनं दुमडत नेलेली, ती एका कडेला जराशी चिरली होती. बस एवढंच. ती चिमट्यानं धरून बदलायची म्हणजे घड्याळाचं काम, आणि सोलापुरात ते करणारा मला कोण सापडला नाही. दुसऱ्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडं कुरिअरनं पाठवला. मग फोन सुरू. "दादा, पार्ट यायचाय." "दादा, पार्ट आला पण दुसऱ्याच मॉडेलचा आला." पाठवला तेव्हा हुरडा चालू होता, परत आला तेव्हा उन्हाळा लागला होता. आणि आला तो पण डावीकडं वळताना झटका मारणारा. त्याला तरी किती बोलणार, कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, पार्ट आडवाटेनं येणार, कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर कुठूनतरी मिळवलेलं. दोष त्या माणसापेक्षा या सगळ्या रचनेचा आहे, आणि मॉडेल जितकं नवीन तितका पार्ट मिळणं अवघड, हे ध्यानात घ्या.

आता याच्यासमोर एफपीव्ही ठेवून बघा. तो पडतो, भरपूर पडतो, बाभळीत पडतो, उभ्या ज्वारीत पडतो आणि बझर वाजवून शोधावा लागतो. एकदा मोटारीचा शाफ्ट वाकला. घरी आलो, प्रोपेलर काढला, खालचे चार बारीक स्क्रू काढले, बोर्डावरच्या तीन वायरी सोल्डरिंग गननं तापवून सोडवल्या, नवीन मोटारीच्या तीन लावल्या. बीटाफ्लाइट या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर मोटार उलटी फिरत होती, तिथंच एका क्लिकमध्ये दिशा बदलली. जेवायच्या आत काम झालं. यंत्रमागावर धागा तुटला की कामगार तिथल्या तिथं गाठ मारून माग चालू करतो, तसं आहे हे. मोटारी, प्रोपेलर, फ्रेम हे सुटे पार्ट असल्यानं उघड मिळतात, बिलासकट, पुण्या-हैदराबादच्या दुकानांतनं. फक्त लायपो बॅटऱ्या सहसा विमानानं पाठवत नाहीत, रस्त्यानं येतात, तेवढं आधी मागवून ठेवायचं.

उन्हाचंही एक सांगतो. फोल्डिंगवाल्या ड्रोनवर साधारण ४० डिग्रीपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा त्याच्या वर असतो. एफपीव्हीला कोण असं लिहून देत नाही, पण त्याची बॅटरी पण उन्हात गाडीत राहिली की फुगतेच, तेव्हा दोन्हीला पहाटच बरी. गॉगल घालून उडवायचं तर शेजारी एक माणूस उभा पाहिजे, ड्रोनवर नुसत्या डोळ्यांनी नजर ठेवणारा. माझा धाकटा भाऊ येतो, तो नसला तर मी गॉगल लावत नाही.

मग घ्यायचा कुठला? वर्षातनं चार वेळा ट्रिपला उडवणार असाल, हातात सोल्डरिंग गन धरायची इच्छा नसेल, तर फोल्डिंगवालाच घ्या, आणि माझं ऐकाल तर अगदी नवीन मॉडेल सोडून मिनी ३ किंवा मिनी ४ प्रोसारखं जुनं, वापरलेलं, पण बिल असलेलं बघा, कारण त्यांचे पार्ट आणि ते उघडलेली माणसं तरी जास्त आहेत. घेताना चालू करून गिंबल दोन्हीकडं पूर्ण फिरतो का ते समोर बघूनच पैसे द्या. पण दर रविवारी बाहेर पडणार असाल, पडलं-झडलं स्वतः करायची आवड असेल, तर मला वाटतं तुम्ही घरी जोडलेल्याकडंच याल, आज नाही तर वर्षानं. त्यात एकदम सगळे पैसे घालू नका. आधी फक्त एक रेडिओ म्हणजे उडवायचा रिमोट घ्या, ईएलआरएसवाला (रिमोट-ड्रोनमधल्या सिग्नलची एक पद्धत), रेडिओमास्टर पॉकेट असला तरी चालतो, तो लॅपटॉपला जोडून सिम्युलेटरवर हात बसवा. महिनाभरात कंटाळा आला तर रेडिओ विकून टाका, त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. नाही आला तर मग फ्रेम, मोटारी आणि बोर्ड मागवा, पहिल्यांदा साधा ॲनालॉग कॅमेरा लावा, डीजेआयचा डिजिटल ओ४ (कॅमेरा आणि व्हिडिओ पाठवणारं युनिट) नंतर बसवता येतो, लाइट युनिटचं वजन ८.२ ग्रॅमच आहे त्यामुळं २५० चं गणित फार बिघडत नाही. सोल्डरिंगला अडलात तर मला सांगा, पहिली वायर आपण मिळून लावू.