ब्रदर एएक्स-10 आणि तसलीच मशीनं: कोकणातल्या घरात टिकतील का?

मराठी अर्ज टाइप करायला इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर शोधत असाल, तर नाद सोडा. या घरगुती मशीनमध्ये डेझी व्हील असतं. म्हणजे प्लास्टिकचं चाक, त्याला शंभराच्या आसपास पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक अक्षर. हातोडी पाकळीवर बसते, पाकळी रिबनवर आणि रिबन कागदावर. मिळतात ती चाकं रोमन लिपीची. 1980 च्या दशकात सरकारी कार्यालयांसाठी देवनागरी-रोमन द्विभाषिक इलेक्ट्रॉनिक मशीनं निघाली होती, पण त्यांची चाकं आज मिळवणं म्हणजे पुळणीत पडलेली नथ शोधणं. तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत द्यायच्या कागदांसाठी हाताचं मराठी गोदरेज किंवा रेमिंग्टन बरं, नाहीतर सरळ संगणक. टायपिंगच्या परीक्षेच्या सरावालाही हे घेऊ नका. राज्य परीक्षा परिषदेची ती परीक्षा आता संगणकावर होते.

मग उरतं काय? छापील इंग्रजी फॉर्मच्या चौकटी भरणं, पाकिटांवरचे पत्ते, मुंबईच्या सोसायटीला द्यायची पत्रं, स्टँप पेपरवरचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र, आंब्याच्या पेट्यांची लेबलं. आधीच छापलेल्या फॉर्मवर नेमक्या चौकटीत अक्षर बसवायला प्रिंटर जो छळ करतो, तो इथे होत नाही. एवढ्या कामाला ब्रदरची एएक्स मालिका उत्तम. मशीन लहान आहे, रिबन कॅसेटमध्ये येते आणि चाक बदलायला हत्यार लागत नाही. आयबीएमचं 1984 चं व्हीलरायटर त्याहून दणकट, पण ते धूड कार्यालयातलं. घरच्या टेबलावर ते ठेवलं की चहाचा कप ठेवायलाही जागा उरत नाही.

सगळ्यात आधी मशीनच्या मागची किंवा तळाची पट्टी वाचा. 220-240 व्होल्ट, 50 हर्ट्झ असेल तर प्रश्नच नाही. परदेशातून सामानाबरोबर आलेलं मशीन बऱ्याचदा 120 व्होल्टचं निघतं. आपल्या 230 ला ते थेट लावलंत तर फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. अशा मशीनला 230 चे 110 करणारा, निदान 100 व्हीएचा, वजनदार तारेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवासात नेतात तो हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर चालणार नाही, तो हीटर-इस्त्रीसाठी असतो. 60 हर्ट्झचं मशीन 50 वर चालतं, कारण आतल्या मोटारी डीसीवरच्या. ट्रान्सफॉर्मर तेवढा थोडा जास्त तापतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर टाइप करायचं असेल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर जुनी मशीनं घुमतात आणि गरम होतात.

आता खरा विषय, रिबन. हे मशीन घेणारे बहुतेक जण इथेच फसतात, कारण मशीन वाहून आणायची घाई असते आणि कॅसेटचा नंबर कोणी बघत नाही. एएक्स-10 ला करेक्टेबल फिल्म रिबन 1030 नंबरची आणि खोडायची लिफ्ट-ऑफ टेप 3010. दोन्ही नंबर लिहून घ्या, आणि चालू बाजारात मिळतात याची खात्री झाल्यावरच मशीनचे पैसे मोजा. ज्याची रिबन मिळत नाही असं मशीन फुकट मिळालं तरी माळ्यावरच जायचं.

फिल्म रिबन प्लास्टिकची असते आणि एकदाच वापरता येते. प्रत्येक अक्षरामागे ती पुढे सरकते, म्हणून छपाई काळीभोर आणि कडा धारदार. कार्बन कागदात मुरत नाही, वर बसतो. त्यामुळे चिकट लिफ्ट-ऑफ टेप तो उचलून घेते आणि चूक जवळजवळ दिसेनाशी होते. कापडी नायलॉन रिबनची शाई मात्र कागदात मुरते. तिथे लिफ्ट-ऑफ निकामी. त्या जोडीला पांढरा थर चढवणारी कव्हर-अप टेप लागते. जोडी चुकली की ‘खोडायचं बटण बिघडलंय’ अशी तक्रार येते. बटण ठणठणीत असतं.

यातच एक धोका आहे. जे अक्षर तुम्ही टेपने उचलू शकता, ते उद्या दुसराही उचलू शकेल. प्रतिज्ञापत्र, करारनामा, रकमेची पावती असल्या कागदांना करेक्टेबल रिबन वापरू नये. तिथे कापडी किंवा मल्टिस्ट्राइक (एकाच जागी अनेकदा ठोकता येणारी, शाई कागदात मुरणारी) रिबन लावावी, आणि चुकलं तर नवा कागद घ्यावा. दुसरं म्हणजे वापरलेल्या फिल्म रिबनवर टाइप केलेला सगळा मजकूर ओळीने वाचता येतो, कारण प्रत्येक अक्षराच्या आकाराचा कार्बन तिथून निघून गेलेला असतो. खाते क्रमांक असलेली पत्रं टाइप केली असतील तर संपलेली कॅसेट तशीच भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. फिल्म ओढून काढा आणि तुकडे करा.

विक्रेत्याकडे तपासणी दहा मिनिटांची, पण स्वतःचा कागद घेऊन जा. झाकण उघडून कॅरेजला, म्हणजे चाक आणि रिबन घेऊन डावी-उजवीकडे सरकणाऱ्या भागाला, वाहतुकीचं कुलूप किंवा फोम अडकवलेला नाही ना ते पाहा. तो राहिला तर मोटर नुसती कुरकुरते. मशीन चालू करताना कान द्या. कॅरेज डावीकडे जातं, चाक फिरून आपली जागा शोधतं आणि शांत होतं. टक-टक-टक करत डाव्या भिंतीला धडका देत राहिलं तर पट्टा सैल आहे किंवा नायलॉनचं गिअर तडकलेलं आहे, आणि तो भाग जुळवणं फार अवघड. मग एकच अक्षर ओळभर टाइप करा आणि अंतर सारखं पडतंय का बघा. पाठोपाठ वीस ओळी फक्त पहिल्या अक्षराच्या घ्या. डावी कड सरळ उभी यायला हवी. ती नागमोडी आली तर कॅरेजची हालचाल अडखळतेय. सगळी अक्षरं, आकडे आणि चिन्हं एकदा दाबा. एखादंच अक्षर उमटत नसेल तर पाकळी तुटलेली असते, आणि चाक बदललं की काम झालं. आजूबाजूची चार-पाच बटणं मेलेली असतील तर दोष कीबोर्डच्या आतला. पाकळ्यांवर ₹ हे चिन्ह नसणारच, ते 2010 मध्ये आलं. रुपयासाठी आर आणि एस टाइप करून टिंब द्या.

रोलर नखाने दाबून पाहा. नख किंचित रुतलं तर रबर जिवंत आहे. काचेसारखा टणक झाला असेल तर कागद घसरतो, आवाज वाढतो आणि पूर्णविरामाने कागदाला भोकं पडतात.

चाकावर 10 किंवा 12 असा आकडा असतो, म्हणजे इंचात किती अक्षरं. मशीनवरचा पिच त्याच आकड्यावर ठेवा. 10 चं चाक 12 वर चालवलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात. उलट केलं तर पत्र विरळ दिसतं. 10 च्या पिचला ए-4 च्या रुंदीत 82 अक्षरं मावतात. डावीकडे फाइलिंगसाठी दीड इंच आणि उजवीकडे इंचभर सोडलं की ओळ 57 अक्षरांची. उभ्या इंचात सहा ओळी, म्हणून ए-4 वर 70 आणि 14 इंची लीगल कागदावर 84. समास सोडून आणि डबल स्पेस घेऊन हिशोब करा. छापील फॉर्मच्या ओळी क्वचितच सहाच्या मापात असतात. तिथे कागद सैल करायचा खटका दाबून कागद हाताने सरकवा, रोलरशी झटापट नको. कार्बन कॉपी दोनच बऱ्या येतात, त्याही दाबाचं बटण सगळ्यात वर ठेवून. त्याहून जास्त प्रती हव्यात तर हाताचं मशीन.

लेबलांचा कागद रोलरवरून कधीही मागे फिरवू नका. गोल रोलरवर कोपरा सुटला की लेबल आत चिकटतं आणि ते काढायला अर्धं मशीन खोलावं लागतं. अर्धवट वापरलेला लेबलांचा कागद परत घालणं ही काटकसर महागात पडते.

पावसाळ्यात या मशीनची परीक्षा होते. किनाऱ्यावर पावसाचे चार महिने हवा ओली, आणि समुद्राकडच्या पडवीत खारा वाराही. कॅरेज ज्या स्टीलच्या दांडीवर सरकतं तिला आधी गंज धरतो, मग अक्षरांचं अंतर बिघडतं. म्हणून मशीन माजघरात किंवा आतल्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर असावं. वर प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती कापड बरं. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं नुसतं चालू ठेवा, आतली ऊब ओल काढते. मात्र विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढलेलाच हवा, वळिवाच्या आणि परतीच्या पावसात तर नक्की. दांडी कोरड्या फडक्याने पुसा, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. रोलर स्पिरिटने पुसा, थिनर आणि पेट्रोल रबर खातात.

आगोटीच्या सामानात दोन रिबनी आणि एक टेप धरा, पण त्याहून साठा करू नका. जुन्या फिल्मचा कार्बन झडतो आणि टेपचा गोंद वितळतो. कॅसेट आणि कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून परत निळे करता येतात, पण जेवणाच्या तव्यावर नको. सादळलेला कागद हा जुलै-ऑगस्टमधला मुख्य शत्रू. लिफ्ट-ऑफ टेप अक्षराबरोबर कागदाचे तंतूही उपटते आणि पांढरा खड्डा पडतो. त्या दिवसांत चुका कमी करा, दुसरा उपाय नाही.

बिघाड ओळखायला सोपे. भलतीच अक्षरं उमटली तर चाक नीट बसलेलं नाही. बंद करा, चाक काढून खट असा आवाज येईपर्यंत बसवा आणि पुन्हा चालू करा. अक्षराचा वरचा किंवा खालचा भाग गायब असेल तर कॅसेट नीट बसलेली नाही. नवी कॅसेट बसवण्याआधी चाकी फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढला नाही, तर ती पहिल्याच ओळीत गुंतते. नुकतीच टाइप केलेली अक्षरं मशीन लक्षात ठेवतं; त्या स्मृतीबाहेर गेलेली चूक आपोआप खोडली जात नाही. कॅरेज त्या अक्षरावर आणा, खोडायचं बटण दाबा आणि तेच चुकीचं अक्षर पुन्हा टाइप करा. बटणं दोनदा दाबावी लागत असतील तर आतले कार्बनचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा.

मशीन अजिबात चालू होत नसेल तर हाताच्या टाइपरायटरच्या मिस्त्रीकडे नेऊ नका. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला द्या, आणि पॉवर सप्लायचे कपॅसिटर आधी बघायला सांगा. ज्या मॉडेलमध्ये मजकूर साठवायला सेल असतात, त्यातले सेल मशीन बंद ठेवताना काढा; सेल गळून बोर्ड खाल्ला तर टीव्हीवालाही हात टेकतो. आणि झाकण उघडल्यावर आधी पालीची अंडी आहेत का ते बघा.