कुत्र्याचे जुलाब: मेट्रोनिडाझोल की हलका आहार आणि प्रोबायोटिक?

कालपासून कुत्र्याला जुलाब, घरात उरलेली मेट्रोनिडाझोल (एक अँटिबायोटिक गोळी) देऊ का, असं मैत्रिणीनं विचारलं.

आराम: गोळीनं शी थोडी लवकर घट्ट होऊ शकते. पण साधे जुलाब हलक्या खाण्यावर, भरपूर पाण्यावर आणि कुत्र्यांसाठीच्या प्रोबायोटिकवरही (पोटाला उपयोगी जिवाणूंचं पूरक) बहुधा काही दिवसांत थांबतात.

दुष्परिणाम: खरा फरक इथे आहे. ही गोळी आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारते. काही कुत्र्यांत गोळी थांबवून 4 आठवडे झाले तरी या जिवाणूंची घडी पुन्हा बसलेली नसते. डोस जास्त झाला तर तोल जातो, झटकेही येतात. शीच्या तपासणीत साल्मोनेला (जुलाब करू शकणारा जिवाणू) दिसला, तरी तो निरोगी कुत्र्याच्या शीतही सापडतो, म्हणून नुसत्या रिपोर्टवर औषध नको.

कष्ट: गोळी कडू, खाऊ घालणं अवघड.

कुत्रा खेळतोय, पाणी पितोय? आहारच पुरे. ताप, मलूलपणा, रक्ताचे जुलाब किंवा लहान पिल्लू असेल तर आजच डॉक्टर गाठा. अँटिबायोटिक त्यांनाच ठरवू द्या.