पांढऱ्या कुत्र्याला ऊन: क्रीम की शर्ट?

घर गोव्यात आणि कुत्रा पांढरा, आखूड केसांचा, गुलाबी नाकाचा असेल तर कुत्र्याला ऊन बाधतं की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नाकाचं साल एकदा निघालं की तो वाद मिटतो. आता ठरवायचं ते एवढंच: कुत्र्यांसाठी मिळणारं सनस्क्रीन घ्यायचं की अंगात घालायचा शर्ट? आमचा पांडू गावठी आहे. कानांच्या कडा कागदासारख्या पातळ, पोटावर केस जवळपास नाहीतच. मी त्याच्यावर दोन्ही वापरतो, पण सारख्या प्रमाणात नाही.

क्रीमचे गुण आधी सांगतो. नाकाचा शेंडा आणि कानांची टोकं इथे क्रीमशिवाय गत्यंतर नाही. तिथे कापड कसं बांधणार? चांगलं क्रीम वासाला सौम्य असतं, लवकर मुरतं आणि कुत्र्याला अंगावर काही चढवल्यासारखं वाटत नाही. फक्त आपलं किंवा बाळाचं सनस्क्रीन उचलून लावू नका. बाळांच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा झिंक ऑक्साइड असतं. बाळाला ते चालतं, पण कुत्रा ते चाटतो. झिंक पोटात गेलं की उलट्या होतात आणि वारंवार गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. सॅलिसिलेट गटातली द्रव्यंही नकोत. डब्यावर कुत्र्याचं चित्र आहे म्हणून समाधान मानू नका, मागची यादी वाचा.

आणि आता माझं गाऱ्हाणं. क्रीम लावल्यावर ते मुरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं कुत्र्याला चाटू द्यायचं नाही, असं सांगतात. सांगणाऱ्याचं काय जातं! दोरी हातात दिसली की पांडू दारात गोल गोल फिरायला लागतो. अशा वेळी नाकावर क्रीम लावलं की ते नाक पुसलं जाईपर्यंत त्याची जीभ आत जात नाही. मी बिस्किटं दिली, चेंडू दाखवला, मान धरून बसलो. शेवटी क्रीम अर्धं त्याच्या पोटात आणि अर्धं माझ्या पँटला. नाकाचं एक वेळ जमवता येतं, कारण लावायचं थोडं असतं. पोटाला लावलं तर तो आश्वेच्या किनाऱ्यावर वाळूत पहिल्या मिनिटाला पालथा पडतो, आणि उठतो तेव्हा रव्यात घोळवलेल्या बांगड्यासारखा दिसतो. ती वाळू मग गाडीच्या सीटवर, तिथून घरात. पाण्यात उतरला की पुन्हा लावा, म्हणजे पुन्हा ती दहा मिनिटं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पोटाचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. आपण फिरायला नेण्याच्या वेळांची काळजी करतो, पण पांडूला खरं ऊन घरीच लागतं. सकाळी दहाच्या सुमारास बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओट्याच्या, पायरीवर तो उताणा पडतो, चारही पाय हवेत. सावलीत ओढून आणला की पाठ वळताच पुन्हा पायरीवर. अशा कुत्र्यांच्या पोटाला आणि जांघेला आधी लाली येते, मग कातडी खरखरीत होते, बारीक काळे ठिपके दिसतात. वर्षानुवर्षं चाललं तर त्यातून कातडीचा कर्करोगही उद्भवू शकतो. डाल्मेशियन, पांढरे बुल टेरियर, बॉक्सर पाळणाऱ्यांना हे नवीन नसावं.

शर्ट इथे कामाला येतो. सकाळी एकदा चढवला की झालं. यूपीएफ म्हणजे कापड ऊन किती अडवतं त्याचं माप; यूपीएफ ५० लिहिलेलं कापड अतिनील किरणांपैकी जेमतेम पन्नासावा हिस्सा आत सोडतं. घरातला जुना पांढरा सुती टी-शर्ट कापून घालणं स्वस्त पडतं, पण पातळ सुती कापडातून बरंच ऊन आत येतं, आणि ते भिजून ताणलं की आणखी. म्हणून घट्ट विणीचं, हलकं, पोहायच्या कपड्यांसारखं कापड बघा.

शर्टाच्याही खोड्या आहेत. नर कुत्र्याच्या तयार शर्टाला पोटाकडे खोल काप असतो, नाहीतर लघवीने भिजेल. म्हणजे जिथे केस सर्वांत विरळ, नेमकी ती जांघ उघडी राहते. मी म्हापशात एका शिंप्याकडून तो काप चार बोटं कमी करून घेतला. आधी तो हसला, मग पांडूच्या पोटाचं माप घेताना त्याच्याशी कोकणीत गप्पा मारत बसला. काखेत शिवण जाड असेल तर तिथे घासून लाल होतं. आणि खाऱ्या पाण्याने भिजलेला शर्ट अंगावरच वाळू देऊ नका. आपल्या दमट हवेत खाज सुटायला तेवढं पुरे. म्हणून दोन शर्ट लागतात, पावसाळ्यात तर दोनही कमी पडतात.

पावसाळ्यात काय गरज, असं तुम्ही म्हणाल. गोव्यात सूर्य वर्षातून दोनदा दुपारी थेट डोक्यावर येतो, मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. ऑगस्टातला ढगाआड असतो खरा, पण ढग विरळ असले की अतिनील किरणं बऱ्यापैकी खाली उतरतात. दाट ढगांच्या दिवशी मात्र मी शर्टाला सुट्टी देतो आणि नाकाला थोडं क्रीम लावतो. ते बरोबर असेलच असा माझा दावा नाही.

दहा ते चार बाहेर नेऊच नका हा सल्ला दोन्हींच्या वरचा आहे, पण तो पाळूनही पायरीवरचं ऊन राहतंच. तुमचा कुत्रा अंगात काही घातलं की पुतळ्यासारखा उभा राहत असेल, काही राहतात, तर क्रीमच घ्या आणि ती दहा मिनिटं काढायला घरातलं एखादं धीराचं माणूस शोधा. नाहीतर मी आधी शर्ट घेईन आणि क्रीमची सर्वांत लहान ट्यूब. नाकावरची खपली सावलीत ठेवूनही जात नसेल तर मात्र दोन्ही बाजूला ठेवा आणि व्हेटला दाखवा. तशी खपली ल्युपसमुळेही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते त्या आजारामुळेही, येते आणि त्याची औषधं वेगळी असतात.