सहा युरोपीय वाइन आणि त्यांच्या सोबतीचे पदार्थ

पांढरी वाइन माशासोबत आणि लाल वाइन मांसासोबत, हा नियम ऐकायला सोपा असला, तरी सहा बाटल्या वेगवेगळ्या पदार्थांसोबत चाखल्यावर तो मला अपुरा वाटू लागला आहे. रंगापेक्षा वाइनचा आंबटपणा, तुरटपणा आणि गोडी यांचे पदार्थातल्या मिठाशी आणि स्निग्धतेशी कसे जमते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

सुरुवात फ्रान्समधील नान्त शहराजवळ होणाऱ्या म्युस्कादेने केली. किण्वन संपल्यावर ही वाइन अनेकदा तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावरच हिवाळाभर ठेवतात. नुसती प्यायल्यावर ती पातळ, जवळजवळ बेचव लागली. मात्र कच्च्या कालवाचे खारट पाणी जिभेवर असतानाच घोट घेतला, तेव्हा तिचा आंबटपणा इतका नेमका उतरला की कालवावर लिंबू पिळण्याची गरज उरली नाही आणि मागे कालवाची मंद गोडी रेंगाळत राहिली. फ्रान्सचीच सांसेर ही पांढरी वाइन आणि शेळीच्या दुधाचे शाविन्योल चीज ही जोडीही तितकीच स्वाभाविक आहे, कारण शाविन्योल हे गावच सांसेरच्या द्राक्षमळ्यांमध्ये वसलेले आहे. ताज्या चीजपेक्षा थोडे मुरून कोरडे झालेले चीज मला या वाइनसोबत अधिक आवडले.

इटलीच्या पिएमोन्ते प्रांतातील बारोलोने मात्र बराच वेळ घेतला. नेबिओलो द्राक्षापासून होणारी ही वाइन नियमानुसार किमान 38 महिने मुरवावी लागते आणि त्यांपैकी 18 महिने ती लाकडी पिंपात असते. पेल्यात तिचा रंग फिकट, कडेला विटकरी दिसतो, त्यामुळे ती सौम्य असावी असे वाटते. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या जातात. तुरटपणा देणारी टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून बसतात, म्हणून तोंड असे कोरडे पडते. धुरावलेल्या बांगड्यासोबत तिने तोंडात लोखंडासारखी चव आणली आणि माशाचा वास दुप्पट केला. ही जोडी मी पुन्हा कधीही करणार नाही. याउलट, वाइनमध्येच तासन् तास शिजवलेल्या गोमांसासोबत, म्हणजे तिथल्या ब्रासातोसोबत, तोच तुरटपणा मांसातील प्रथिनांवर आणि चरबीवर खर्च झाला आणि त्याखाली दडलेला सुकलेल्या गुलाबाचा गंध प्रथमच स्पष्ट जाणवला.

बांगड्याला खरी साथ दिली ती जर्मनीतील मोझेल खोऱ्याच्या रीसलिंग काबिनेट या हलक्या पांढऱ्या वाइनने. अल्कोहोल जेमतेम 8 ते 9 टक्के, किंचित गोडी आणि तीव्र आंबटपणा, यांमुळे माशाचा तेलकटपणाही निघाला आणि मीठही सौम्य झाले. स्पेनमधील खेरेसची फिनो शेरी यीस्टच्या तरंगत्या सायीखाली मुरते. तिचा कोरडा, बदामासारखा स्वाद हिरव्या ऑलिव्हसोबत उत्तम लागतो, पण ती अगदी थंडगार असली पाहिजे.

सर्वांत समृद्ध अनुभव फ्रान्समधील सोतेर्न या गोड पांढऱ्या वाइनने दिला. सिरों नदीचे थंड पाणी गारोन नदीला मिळते तिथे शरद ऋतूत सकाळी धुके धरते, त्या दमटपणात द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी वाढते आणि आतला रस आटून गोड होतो. रोकफोर चीजचा निळ्या शिरांचा तुकडा सुरीखाली सहज भुगा होऊन पडला. तो खारट, तिखट भुगा आणि जर्दाळू-मधाचा स्वाद असलेला तो घोट एकत्र आल्यावर मिठाने गोडी उजळली आणि गोडीने चीजचा उग्रपणा निवळला. हीच वाइन नंतर क्रेम ब्रुलेसोबत, म्हणजे वर जळक्या साखरेचा थर असलेल्या कस्टर्डसोबत, घेऊन पाहिली, तेव्हा जळक्या साखरेपुढे ती अचानक आंबट आणि पातळ वाटली, म्हणून मी ते गोड बाजूला सारून पेल्यातील उरलेली वाइन रोकफोरसोबतच संपवली.