पाइनवरील बनावट भरवसा: 86,848 रुपयांची फसवणूक

छपराच्या वाशांसाठी मी सांगलीतील एका वखारीतून 64 घनफूट पाइन 1,150 रुपये दराने घेतले. 73,600 रुपये आणि 18 टक्के जीएसटीचे 13,248 असे 86,848 रुपये मोजले. माल अमेरिकेतील संघटनेने प्रतवारी केलेला व भट्टीत वाळवलेला आहे, असे सांगून वखारदाराने शिक्का दाखवला. उन्हाळा लागताच वासे पिळवटले, काही उभे चिरले.

त्या शिक्क्यात गव्हाची ओंबी, देशाची अक्षरे आणि ‘एचटी’ (उष्णता प्रक्रिया) होते. तो आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडी वेष्टनांतून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का. गाभ्याचे तापमान 30 मिनिटे 56 अंश सेल्सिअस ठेवून कीड मारली, एवढेच तो सांगतो. तो पेट्यांच्या आणि जहाजात मालाखाली घालायच्या लाकडावर असतो. खऱ्या प्रतवारीच्या शिक्क्यात तपासणी संस्थेचे चिन्ह, गिरणीचा क्रमांक, प्रत, लाकडाची जात आणि ओलावा असतो. ‘केडी 19’ म्हणजे भट्टीत वाळवलेले, ओलावा जास्तीत जास्त 19 टक्के. दूरच्या अनोळखी गिऱ्हाइकाला न पाहता विश्वास ठेवता यावा, म्हणून उत्पादकांच्या संघटनांनी नियम बांधले आणि गिरण्यांत निरीक्षक पाठवले. त्या विश्वासावरच या माणसाने डल्ला मारला.

शंका घ्यायची वेळ एकच होती. आमच्या सुताराने विचारले, “नव्या मालाला खिळ्यांची भोकं कशी?” वखारदार शांतपणे म्हणाला, “दादा, बोटीत बांधताना ठोकतात.” भोकांत लांबी (पुट्टी) भरलेली होती! पण आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्याला परदेशी गिरण्यांचे शिक्के कसे ओळखू यावेत? बिलावर प्रत, जात आणि ओलावा लिहून घ्या; नुसते ‘पाइन वुड’ लिहिणाऱ्याकडून फळीसुद्धा घेऊ नका.

पोलीस म्हणाले, ही दिवाणी बाब. वजनमापे कार्यालयाच्या मते घनफूट बरोबर भरत असल्याने त्यांचा विषय संपला. मालावर आयएसआय चिन्ह नाही, म्हणून मानकांच्या कार्यालयाने हात झटकले, आणि व्यापारी संघटनेने वखारदार सभासद नसल्याचे कळवले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरील तक्रार, समोरच्याने उत्तर दिले नाही म्हणून बंद झाली. म्हणजे उत्तर न देणे हाच सुटकेचा मार्ग ठरला. खोटी प्रत सांगून लाकूड विकणे नक्की कोणाच्या अखत्यारीत येते, हे एकानेही सांगितले नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. 5 लाखांपर्यंत तिथे शुल्क नाही, मात्र प्रयोगशाळेच्या तपासणीचे पैसे तक्रारदारालाच भरावे लागतात. रंधा मारण्यापूर्वी शिक्क्यांची छायाचित्रे काढा. माझ्याकडे पुरावा म्हणून रंधा न मारलेले दोनच तुकडे उरले आहेत.