‘फ्रँकेन्स्टाइन’ वाचायचं, पण कुठलं: १८१८ चं की १८३१ चं?

मंडळीच्या तरुण संघासाठी किंवा घरच्या अभ्यासगटासाठी मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ निवडली असेल, तर पुढचा प्रश्न येतोच: १८१८ चा मूळ पाठ घ्यायचा, की लेखिकेनं स्वतः फेरफार केलेला १८३१ चा? कथा तीच आहे: व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा तरुण प्रयोगातून एक जीव घडवतो आणि त्याला टाकून देतो. स्वस्त प्रतींत बहुधा १८३१ चा पाठ असतो, त्यामुळे पुष्कळांनी काही न ठरवता तोच वाचलेला असतो. आमच्या गटात मी दोन्ही वेगवेगळ्या वेळी वाचून घेतले आहेत.

१८३१ च्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. त्याची प्रस्तावना मेरीनं स्वतः लिहिली आहे. १८१८ ची तिच्या नवऱ्यानं तिच्या वतीनं लिहिली होती. जगाच्या निर्माणकर्त्याच्या अफाट रचनेची नक्कल करायला माणूस निघाला तर परिणाम अतिशय भयंकरच होणार, असं मेरी तिथे स्पष्ट म्हणते. पुस्तक का निवडलं असं पाळकसाहेबांनी विचारलं, तर एवढं वाक्य दाखवलं तरी पुरे. त्या जीवानं केलेल्या खुनासाठी फाशी दिली जाणारी, व्हिक्टरच्या घरातली निरपराध मोलकरीण जस्टिनही या पाठात जास्त भाविक आहे. फाशीआधीच्या भेटीत ती व्हिक्टरच्या वाग्दत्त वधूला, एलिझाबेथला, देवाच्या इच्छेपुढे धीरानं नमायला सांगते. १८१८ मध्ये त्याच भेटीत एलिझाबेथ न्यायाच्या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या सूडावर संतापून बोलते. काहींना ते बोलणं खटकेल. मला ते संदेष्ट्यांच्या जवळचं वाटतं.

माझी अडचण झाली ती १८३१ च्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी. वीज पडून ओकचं झाड छिन्नविच्छिन्न झाल्यावर व्हिक्टर जुन्या किमयागारांचा नाद सोडतो, गणिताकडे वळतो. आणि लगेच म्हणतो की हा सगळा चांगल्या शक्तीचा प्रयत्न होता, पण नियती बलवान ठरली. तिच्या अटळ नियमांनी माझा नाश आधीच ठरवून ठेवला होता. आमची चर्चा इथेच रुतली. “नशिबातच होतं त्याच्या,” असं एकानं म्हटलं आणि पुढे तेच उत्तर प्रत्येक प्रश्नाला येत गेलं. त्या जीवानं पिवळा डोळा उघडताच व्हिक्टर खोलीतून का पळाला? जस्टिनवर खटला चालू असताना गप्प का बसला? नशीब. पापावर बोलायला बसलेली माणसं व्हिक्टरची कीव करत उठली. सगळं आधीच ठरलेलं असेल, तर पश्चात्ताप कशाचा करायचा?

१८१८ मध्ये नियतीचे उल्लेख अजिबात नाहीत असं नाही, पण तिथे बहुतेक पावलं व्हिक्टर स्वतः उचलतो आणि वाचकाला ते दिसतं. त्यामुळे प्रश्नाची दिशाच बदलते. जीव घडवणं हे पाप, की घडवून टाकून देणं? माझा कल दुसऱ्याकडे आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आज्ञा मोडलेल्या आदाम-हव्वेला देव स्वतः चामड्याची वस्त्रं करून घालतो. इथे थंडी वाजते म्हणून तो नवजात जीव व्हिक्टरच्या घरातले कपडे स्वतःच अंगावर ओढतो. त्याच कपड्यांच्या खिशात त्याला निर्मात्याची टिपणवही सापडते आणि पुढे वाचायला शिकल्यावर आपल्याविषयीची किळस त्याला त्याच अक्षरात वाचावी लागते. हा प्रसंग दोन्ही पाठांत आहे. पण १८३१ च्या वाचकांनी, निदान आमच्या तरी, व्हिक्टरला तोवर माफ करून टाकलेलं होतं.

मेरीला मी दोष देत नाही. पुस्तक आल्यानंतर तिची मुलगी क्लारा गेली. १८१९ मध्ये रोममध्ये छोटा विल्यम गेला. कादंबरीत खून होणाऱ्या मुलाचं नावही तेच आहे. १८२२ मध्ये नवरा समुद्रात बुडाला. एवढं सोसलेल्या बाईला सगळं आधीच ठरलेलं वाटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

एक मात्र सांभाळा: गटात दोन्ही पाठ मिसळू देऊ नका. १८१८ चे तीन खंड आहेत आणि प्रत्येकात प्रकरणं पुन्हा एकपासून सुरू होतात; १८३१ मध्ये सलग २४ आहेत. पान शोधण्यातच वेळ जातो. हातातली प्रत कुठली ते ओळखणं सोपं आहे: एलिझाबेथ व्हिक्टरची आतेबहीण असेल तर १८१८, इटलीतून आणलेली अनाथ मुलगी असेल तर १८३१.

वडीलधाऱ्यांच्या गटाला किंवा प्रस्तावनेवरच बोलायचं असेल त्यांना १८३१ चालेल. बाकी कुणी विचारलं तर मी १८१८ सुचवीन आणि मेरीची प्रस्तावना शेवटी वाचायला सांगेन. १८१८ च्या बऱ्याच नव्या प्रतींत ती मागे छापलेली असते. वेळ एकाच बैठकीचा असेल, तर शेवटचे दोन प्रसंग घ्या. मरताना व्हिक्टर म्हणतो, मागचं सगळं तपासलं, माझ्या वागण्यात मला दोष दिसत नाही. आणि त्याच्या प्रेतापाशी उभं राहून क्षमा मागतो तो त्यानं टाकून दिलेला जीव.